सांगोला विधानसभा: ११ वेळा एकच आमदार, १९२ मतं, ७६८ मतं आणि तुमचे प्रश्न

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यावर लिहिलं की प्रश्नांचा पाऊस पडतो, त्यातले बरेचसे सारखेच असतात म्हणून एकत्र करून घेतलेत. ज्यांनी "बापू का आबा", म्हणजे इथला कुठला नेता भारी, एवढंच विचारलंय त्यांना उत्तर देत बसत नाही, तो वाद चहाच्या टपरीवरच बरा.

प्रश्न: गणपतराव देशमुख सलग ११ वेळा निवडून आले हा वर्ल्ड रेकॉर्ड आहे ना?

दोन गोष्टी चुकीच्या आहेत यात. एक म्हणजे सलग नाही. आबासाहेब, म्हणजे गणपतराव, १९६२ ला शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप) पहिल्यांदा आले, १९६७ ला परत आले, आणि १९७२ ला काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांकडून पडले. मग १९७४ ला पोटनिवडणूक लागली, ती जिंकली, आणि तिथून १९७८, ८०, ८५, ९० अशी लाईन लागली. १९९५ ला पुन्हा पडले. मग १९९९, २००४, २००९, २०१४. मोजून बघा, ११ भरतात, पण मध्ये दोन खड्डे आहेत आणि सांगोल्याचा खरा इतिहास त्या खड्ड्यांतच आहे असं माझं मत.

दुसरं, रेकॉर्ड. महाराष्ट्रात एकाच मतदारसंघातून ११ वेळा दुसरं कोणी नाही, इथपर्यंत बरोबर. पण केरळात के. एम. मणी पाला मतदारसंघातून १३ वेळा आलेत (त्यातली १९६५ ची विधानसभा तर भरलीच नाही, ती धरायची का नाही हा वेगळा वाद) आणि ओमन चंडी पुथुपल्लीतून १२ वेळा. करुणानिधी पण १३ वेळा, फक्त ते मतदारसंघ बदलत गेले. त्यामुळे व्हॉट्सॲपवर जे "जगात एकमेव" फिरतं ते फॉरवर्ड करू नका. माणूस तसाही मोठाच होता, एसटीने फिरणारा आमदार, त्याला खोट्या मुकुटाची गरज नाही.

प्रश्न: १९९५ ला एवढा मोठा नेता फक्त १९२ मतांनी कसा पडला? काही गडबड होती का?

गडबड कसली, जोरदार लढत होती. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील तेव्हा तरुण, आणि आबासाहेब १९७४ पासून सलग आमदार, म्हणजे वीस वर्षांची नाराजी कुठेतरी साठणारच. आपल्याकडे "बालेकिल्ला" हा शब्द फार स्वस्त झालाय. सांगोल्यात शेकापच्या विरोधातलं मत कायम मोठं होतं, ते कधी विखुरलं जायचं तर कधी एकत्र यायचं. एकत्र आलं की आबासाहेबांचा घाम निघायचा.

आणि १९२ म्हणजे किती ते डोळ्यासमोर आणा. एका वाडीवरच्या बूथचं मतदान, किंवा लग्नाच्या वऱ्हाडाच्या चार गाड्या त्या दिवशी गावात नसणं. इतक्या कमी फरकात पडलेला उमेदवार निकाल जाहीर व्हायच्या आधी फेरमोजणी मागू शकतो, कारण देऊन आणि लेखी, आणि ती द्यायची की नाही ते निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतो. निकाल जाहीर झाला की विषय संपला, मग हायकोर्टात निवडणूक याचिका, तीही ४५ दिवसांत. हे अनेकांना माहीत नसतं आणि दुसऱ्या दिवशी कलेक्टर ऑफिससमोर घोषणा चालू होतात.

प्रश्न: सगळं जातीवर चालतं हो तिथं, धनगर समाज मोठा म्हणून आबासाहेब निवडून यायचे. मान्य करा.

अर्धं मान्य. धनगर समाज मोठा आहे, आबासाहेब त्याच समाजाचे होते, फायदा झाला नाही म्हणणं म्हणजे आंधळेपणा. पण मग १९७२ आणि १९९५ ला तो समाज कुठे गेला होता? आणि मुळात माणूस सांगोल्याचा नव्हताच, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा, वकिली करायला सांगोल्यात आला.

तालुका अवर्षणातला, कालव्याच्या शेपटाला, त्यामुळे इथलं राजकारण पाण्याभोवती फिरतं. नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीच्या पाणी परिषदेतून १३ दुष्काळी तालुक्यांचा प्रश्न आबासाहेबांनी वर्षानुवर्षं लावून धरला, टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांचं पाणी, निरा उजव्या कालव्याचा हिस्सा, हे सगळं भाषणात आकडेवारीसकट यायचं. ज्या तालुक्यात कापूस नावालाही पिकत नव्हता तिथं सूतगिरणी काढली आणि ती चालवून दाखवली. डाळिंबवाला शेतकरी, गिरणीतला कामगार, वाडीवरचा कार्यकर्ता, हे सगळं जाळं शेकापचं होतं. जात हा पाया म्हणा हवं तर, पण भिंती वेगळ्याच विटांच्या होत्या.

मंत्री म्हणाल तर दोनदाच, १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ च्या विलासरावांच्या. बाकी जवळपास सगळी कारकीर्द विरोधी बाकावर. सत्तेशिवाय इतकी वर्षं टिकणं हे मला ११ या आकड्यापेक्षा मोठं वाटतं.

प्रश्न: २०१९ ला ७६८ मतांनी आलेले बापू "काय झाडी, काय डोंगार" मुळे पडले का?

डायलॉगने कोणी पडत नाही, उलट २०२२ च्या बंडात गुवाहाटीहून बापू फोनवर जे बोलले त्यामुळे सांगोला देशभर पोचलं. जरा हिशोब बघा. २०१९ ला आबासाहेबांनी वयामुळे थांबायचं ठरवलं, शेकापकडून नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले, समोर शिवसेनेचे शहाजीबापू. आणि राष्ट्रवादीचे दीपकआबा साळुंखे बापूंच्या बाजूला, ही मोठी गोष्ट. एवढं सगळं जुळून फरक किती, तर ७६८! २०२१ मध्ये आबासाहेब गेले, २०२२ ला बापू शिंदेंबरोबर गुवाहाटीला गेले, आणि २०२४ ला दीपकआबा स्वतःच ठाकरे गटाची मशाल घेऊन मैदानात उतरले. शेकापने दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुखांना उभं केलं. ते पंचवीस हजारांवर मतांनी आले आणि दीपकआबांनी पन्नास हजारांच्या आसपास मतं घेतली. बापूंची आणि दीपकआबांची मतं मिळवली तर विजयी उमेदवारापेक्षा जास्त भरतात.

अर्थात अशी बेरीज करणं धोक्याचं असतं, मशालीची सगळी मतं बापूंकडे गेली असती असं कुठे लिहिलंय? त्यातली बरीच शिंदे गटावरच्या रागातली होती. पण २०१९ ची मोट फुटली हे नक्की, आणि शेकाप आणि ठाकरे गट दोघंही महाविकास आघाडीतले म्हणवत एकमेकांसमोर लढले हेही विसरू नका. त्या निवडणुकीत अख्ख्या राज्यात शेकापचा हा एकच आमदार आला.

प्रश्न: १९७२ ला पडले तर १९७४ ची पोटनिवडणूक एवढ्या उशिरा कशी? सहा महिन्यांचा नियम आहे ना?

पोटनिवडणूक कोणी पडलं म्हणून नाही, निवडून आलेल्याची जागा रिकामी झाली की लागते. आणि तो नियम १९९६ चा आहे, तोपर्यंत जागा रिकामी राहिली तर आयोगावर अशी मुदत नव्हती.

प्रश्न: सांगोला पंढरपूर लोकसभेत येतो की माढा?

२००८ च्या पुनर्रचनेपासून माढा, त्याआधी पंढरपूर (राखीव). विधानसभेच्या हद्दीत आता पंढरपूर तालुक्यातली काही गावं पण आहेत, म्हणून २००४ आणि २००९ च्या मतांची सरळ तुलना करू नका, मतदारच वेगळे आहेत. जुने आकडे बघायचे असतील तर निवडणूक आयोगाच्या साईटवर दरवेळचे सांख्यिकी अहवाल आहेत, १९५१ पासूनचे. फक्त तिथं "सांगोला" म्हणून सापडलं नाही तर "सांगोले" (Sangole) टाकून बघा.