पुण्याहून तीन-चार दिवसांची, गर्दी नसलेली पण दमवणारी सायकल सफर कुठे करावी? जवळ राष्ट्रीय उद्यान असेल तर उत्तम.

माझं ठाम मत: कोयनेच्या पाणलोटात जा. चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या आत सायकल दामटायचा विचारही करू नका, ते घर प्राण्यांचं आहे. पण कडेकडेच्या रस्त्यांवर तेच डोंगर आणि तीच शांतता मिळते.

कात्रजवरून कापूरहोळपर्यंत महामार्गाला पर्याय नाही, तेवढं अंतर भल्या पहाटे उरकून घ्या. तिथून भोर, मग मांढरदेवीचा घाट चढून वाई. हा चढ जीव काढतो, आणि त्यासाठीच तर जायचं! पुढे पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर. शनिवार-रविवारी इथे गाड्यांची रांग असते, म्हणून हा टप्पा आडवारी ठेवा. महाबळेश्वर ओलांडून तापोळ्याचा उतार लागला की खरी मजा सुरू. खाली थेट कोयना धरणाचा शिवसागर जलाशय! वळणं अरुंद आहेत, ब्रेक सतत दाबून ठेवू नका, रिम तापतात. तापोळ्याहून लाँचने बामणोली. सायकली घ्याल का, हे आधी विचारा. मग कास पठाराचा चढ आणि साताऱ्याकडे उतरण.

मागे 34 दातांची चकती असलेली कॅसेट (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांचा संच) हवीच. सामान पाठीवर नको, कॅरिअरवर बांधा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सप्टेंबरात फुलांसाठी कासला झुंबड उडते, तेव्हा शांतता विसरा.