आधी एक तुकडा चालता कर

अरे, तुझ्या ट्रेलचा, म्हणजे चालायच्या-सायकलीच्या लांब वाटेचा नकाशा बघितला. या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग लाल रेघ, झकास दिसतेय. पण पहिल्याच मीटिंगला ती सगळ्यांसमोर उलगडू नकोस, कारण ज्यांच्या जमिनीवरून ती जाते त्यांना ती तिथेच पहिल्यांदा दिसली ना, की मग तू नुसती समजूत काढत बसशील. आधी त्यांच्या घरी जा, नकाशा न घेता, आणि ऐकून घे. कचरा होईल, फाटक उघडं टाकून जातील, कुत्री गुरांच्या मागे लागतील, कोणी पडलं तर केस माझ्यावर येईल, बहुतेक ठिकाणी हेच निघतं. शेवटच्या मुद्द्याला तोंडी उत्तर चालत नाही, वकील गाठ, आणि करार असा कर की जमीन विकली तरी नव्या मालकाला तो लागू राहील. "जा की खुशाल" एवढ्या शब्दावर खडी टाकलीस तर मालक बदलला की ट्रेल मधोमध तुटलाच म्हणून समज.

दुसरं म्हणजे घाई. अमेरिकेतला ग्रेट ॲलेगेनी पॅसेज बघ, पिट्सबर्ग ते कंबरलंड, साधारण 240 किलोमीटर, बराचसा बंद पडलेल्या रेल्वेच्या वाटेवर. पहिला तुकडा 1986 मध्ये खुला झाला आणि सलग ट्रेल पूर्ण झाला 2013 मध्ये! मधल्या काळात तयार झालेल्या तुकड्यांवर लोक सायकली चालवतच होते. इंग्लंडमधला ब्रिस्टल-बाथ रेल्वे पाथ तर जेमतेम 21 किलोमीटरचा, तरी व्हॉलंटियर्सच्या जोरावर तो 1979 ते 86 असा टप्प्याटप्प्याने झाला. म्हणून पहिला तुकडा सगळ्यात देखणा नको, सगळ्यात जवळचा निवड, जिथे आजोबा नातवाला घेऊन संध्याकाळी सहज येतील. उद्या निधीसाठी भांडायला तेच उभे राहतील, लांबून येणारे हौशी सायकलवाले नाही (ते फोटो मात्र भारी काढतात).

आता पाणी, यावर मी जरा जास्तच बोलतो. ट्रेल पायांनी किंवा चाकांनी जेवढा खराब होत नाही तेवढा पाण्याने होतो. वाट उतारावरून सरळ खाली नेलीस की पाऊस तिचा ओढा करतो, म्हणून ती डोंगराच्या कुशीतून आडवी ने, आणि साधा हिशोब ठेव, डोंगराचा उतार 16 टक्के असेल तर वाटेचा चढ त्याच्या निम्म्याच्या, म्हणजे 8 च्या वर जाऊ द्यायचा नाही. बाहेरच्या कडेकडे किंचित कल ठेव, अधूनमधून वाट थोडी खाली उतरवून परत वर घे, म्हणजे पाणी तिथेच बाहेर पडतं. जुनी रेल्वेलाइन मिळाली तर चढाची चिंता मिटलीच, ग्रेट ॲलेगेनीवर तो 2 टक्क्यांच्याही आत आहे, पण मग जुने पूल आणि बोगदे तपासायला इंजिनियरच लागतो, तिथे हौस उपयोगाची नाही.

घोडे, सायकली आणि चालणारे एकाच वाटेवर घेणार असशील तर वळणावर समोरचं लांबून दिसलं पाहिजे, मागून गुपचूप आलेल्या सायकलीने घोडा बिथरतो. सायकलवाल्याने दोघांना वाट द्यायची, चालणाऱ्याने घोड्याला, एवढं फलकावर लिही, बास.

आणि उद्घाटनाच्या आधीच देखभालीचे तुकडे वाटून टाक. अमेरिकेतलाच ॲपलाचियन ट्रेल 1937 मध्ये जोडून झाला, साडेतीन हजार किलोमीटरचा, चौदा राज्यांतून जाणारा, आणि आजही त्याची बरीचशी देखभाल स्थानिक क्लबांचे व्हॉलंटियर्सच आपापला पट्टा सांभाळून करतात. श्रमदानाच्या पहिल्या रविवारी गर्दी होतेच रे, तिसऱ्या-चौथ्या रविवारी कोण येतं ते बघ आणि पट्टे त्यांनाच दे, मग भले ते मीटिंगमध्ये तोंड न उघडणारे का असेनात.

आधी एवढं कर, चांगला जोरदार पाऊस पडला की पहिल्या तुकड्याच्या जागेवरून पायी जा, पाणी साचेल तिथे खुंट्या ठोक आणि त्यानंतरच रेघ नव्याने आखायला घे.