परदेशातून परतलेली लेक परकी झाली का?

"मॅडम, सहा महिन्यांत पोरगी पार बदलली," समुपदेशनासाठी माझ्याकडे इंदिरानगरहून आलेल्या आईंनी बसता बसताच सांगितलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) लेक जर्मन शिकायला जर्मनीतल्या फ्रायबुर्गला गेली होती, तिथल्या एका कुटुंबात राहिली होती. आता खोलीचं दार लावून बसते, वडिलांना तोंडावर "मला हे पटत नाही" म्हणते. कळस म्हणजे मावशीने आग्रहाने वाढलेली पुरणपोळी तिने ताटातून उचलून परत ठेवली.

लेकीशी वेगळं बोलले. त्या घरी रात्रीचं जेवण म्हणजे पाव, चीज, काकडी. "आणखी घेतेस?" असं विचारलं की ही सवयीने "नको" म्हणायची, आणि दुसऱ्यांदा कोणी विचारायचंच नाही. तिथे नको म्हणजे नकोच. पहिले काही दिवस पोरगी अर्धपोटी झोपली. भाषा तेव्हा जेमतेम ए-टू पातळीची, म्हणजे अगदी प्राथमिक. आडून सुचवायला, आढेवेढे घ्यायला शब्द लागतात, ते तिच्याकडे नव्हतेच. शेवटी एकदा तिने सरळ सांगितलं, "मला अजून भूक आहे." बाईंनी पावाची टोपली तिच्याकडे सरकवली. कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

बी-वन या त्यापुढच्या पातळीच्या प्रमाणपत्रापेक्षा मला ही कमाई मोठी वाटते. हवं ते मागणं आणि नको ते नाकारणं आपल्याकडच्या कित्येक मुलींना लग्नानंतरही जमत नाही. त्याला उद्धटपणा म्हणणं अन्यायाचं आहे.

तिची घुसमटही खरी होती. परदेशी राहून आलेल्याला मायदेशी पुन्हा नव्याने रुळावं लागतं, हे गुलाहॉर्न या अमेरिकी संशोधक दांपत्याने १९६३ मध्येच मांडलं होतं. "तिकडे रोज जेवताना विचारायचे, आज काय केलंस? इथे फक्त पुढे काय, एवढंच," हे सांगताना तिला रडू आलं.

आईंना म्हटलं, रोज रात्री जेवताना तिला तिकडचं काहीतरी विचारा आणि मध्ये सल्ला देऊ नका. लेकीला म्हटलं, मावशी वाढायला आली की आधीच "अर्धीच दे गं" म्हणावं. पुढच्या भेटीला वडीलही आले. "पटत नाही" ऐकलं की ते आता "का?" असं विचारतात, आणि वाद अजूनही होतात.

असं रुळायला काही महिने जाऊ शकतात. मात्र झोप उडाली, जेवण तुटलं, मैत्रिणीही नकोशा झाल्या आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललं, तर वाट न बघता तज्ज्ञांना भेटा.