आयडीवाल्याकडे नाव काढायला जाऊ नका, पैशाची वाट बंद करा

ताई, तुमचा प्रश्न असा : मामेभाऊ लंडनला असतो, तो म्हणतो तिकडे एकदा नाव नोंदवलं की जुगाराच्या सगळ्या साइट आपल्याला बंद होतात. मुंबईत तसं काही आहे का? आणि मिस्टर आता ऑनलाइन जुगार सोडायला स्वतःहून तयार झालेत, तर सुरुवात कुठून करायची?

मामेभाऊ सांगतो ते खरं आहे. त्या योजनेचं नाव गॅमस्टॉप. मुदत आपण निवडायची, सहा महिने, वर्ष किंवा पाच वर्षं. मग ब्रिटनचं लायसन्स असलेली एकही ऑनलाइन कंपनी तुम्हाला खेळू देऊ शकत नाही. ३१ मार्च २०२० पासून हे सगळ्या कंपन्यांना सक्तीचं आहे. मध्येच मन फिरलं म्हणून नाव निघत नाही. ऑस्ट्रेलियात २०२३ पासून बेटस्टॉप आहे, तेही असंच. सिंगापूरच्या कसिनोंबाबतीत तर घरच्यांनाही अर्ज करता येतो. पण या सगळ्यामागे जोर एकच, कंपनीला लायसन्स जाण्याची भीती.

आपल्याकडे अशी एकत्र नोंदवही कधी नव्हतीच. रमीच्या काही ॲपमध्ये स्वतःचं खातं बंद करून घ्यायची सोय होती, पण इथे बंद झालेला माणूस पाच मिनिटांत दुसऱ्या ॲपवर सुरू. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि मोठ्या ॲपनी पैसे लावायचे खेळ गुंडाळले. उरले ते व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरचे आयडीवाले, म्हणजे सट्टा लावायला आयडी-पासवर्ड देणारे बुकी. त्यांना लायसन्सच नाही, मग जाण्याची भीती कसली?

म्हणून मिस्टरांना सांगा, आयडीवाल्याला ‘माझा आयडी बंद कर’ असा मेसेजसुद्धा करायचा नाही. तो मेसेज म्हणजे हा माणूस सुटायला बघतोय याची वर्दी. दोन दिवस शांतता असते, मग मॅचच्या दिवशी टॉसच्या जरा आधी भलत्याच नंबरवरून येतं : ‘भाऊ, आयडीत हजार टाकलेत, नुसतं बघा.’ ते हजार कुणाच्या खिशातून आलेले नसतात, स्क्रीनवरचा आकडा असतो नुसता. सेशन (ठरावीक ओव्हरमध्ये किती रन होतील यावरची पैज) लावून झालं की पुढचे पैसे मात्र खरे लागतात. तेव्हा चॅट उडवा, ग्रुपमधून बाहेर पडा, नंबर ब्लॉक करा. फोनमध्ये बेटब्लॉकर हे जुगाराच्या साइट अडवणारं ॲप टाका, ते फुकट आहे. रोज नव्या लिंक निघतात, त्यामुळे त्याच्यावर फार विसंबू नका.

खरं काम बँकेत आहे. मी पतपेढीत कर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं बसलो, म्हणून हे जरा लांबण लावून सांगतो. पगार ज्या खात्यात येतो त्यावरून युपीआय काढून टाका. बऱ्याच बँकांच्या ॲपमध्ये ते बंद करायची सोय असते. सापडलं नाही तर दोघांनी शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. डेबिट कार्ड तुमच्याकडे. आधारच्या ओटीपीवर युपीआय परत सुरू होऊ शकतं, त्यामुळे खात्यात शिल्लकच राहता कामा नये : पगाराच्या दुसऱ्या दिवशीची स्टँडिंग इन्स्ट्रक्शन देऊन रक्कम तुमच्या खात्यावर वळवा. पास, चहा, डबा यापुरते पैसे त्यांना आठवड्याला रोख द्या. क्रेडिट कार्ड असेल तर बंद, लिमिट कमी करून ठेवणं नको. यातलं प्रत्येक काम त्यांनी स्वतःच्या सहीने करायचं. तुम्ही लपूनछपून पासवर्ड बदललेत तर भांडण तुमच्याशी होईल आणि आयडीवाला बाजूला राहील.

मग कर्जाचं बघा. क्रेडिट ब्युरोचा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो दोघांनी मिळून उघडा. लोन ॲपची दहा-पंधरा हजारांची कर्जं तिथे सापडतात, जी घरात कुणी बोललेलं नसतं. पतपेढीचं कर्ज असेल तर जामीनदार ऑफिसातलेच दोघं असतात, त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मिस्टरांनी स्वतः सांगावं. बिल्डिंगच्या भिशीत असतील तर नंबर शेवटचा घ्या. सोनं तुमच्या नावाच्या लॉकरला.

बुकीची उधारी राहिली असेल तर ती भागवायला नवं कर्ज काढू नका. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० पैजेचा करार मानतच नाही, त्या पैशासाठी कोर्टात जाता येत नाही. धमकी आली तर मेसेज जपून ठेवा आणि पोलीस ठाण्यात जा. ऑनलाइन खेळांच्या नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, त्यामुळे त्या भीतीने गप्प बसू नका. मटक्याच्या अड्ड्याचं वेगळं. तिथे सापडलं तर आपला १८८७ चा जुगारबंदीचा कायदा लागतो.

एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे शेअर बाजार. आयडी सुटला की माणूस ऑप्शनवर, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांवर जातो आणि घरी म्हणतो, ‘हे तर गुंतवणूक आहे.’ शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२४ मध्ये आकडे दिले : तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख. डीमॅट असेल तर ब्रोकरला सांगून तो विभागच बंद करून घ्या.

संध्याकाळ मात्र रिकामी ठेवू नका. आयपीएलमध्ये साडेसातला मॅच सुरू होते, त्या वेळी फोन तुमच्याकडे आणि ते घराबाहेर, व्यायामशाळा म्हणा, मंडळ म्हणा, काहीही. (ट्रेनमधला पत्त्यांचा ग्रुप चालणार नाही, पैसे न लावतासुद्धा.) तलफ आवरत नसेल तर केईएम, सायन किंवा नायरला मनोविकार विभागाच्या ओपीडीत केसपेपर काढा. जुगाराचं व्यसन जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहे, डॉक्टरांना नवल वाटणार नाही. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलतात.

पगार कुठल्या प्रकारच्या बँकेत होतो आणि पतपेढीचं कर्ज आहे का, तेवढं कळवा. अर्जात काय लिहायचं ते मी सांगतो.