‘बालमजूर’, ‘बालकामगार’ आणि वीटभट्टीवरचे मूल

ठाण्यातील एका शिक्षिकेने विचारले आहे की, विद्यार्थी निबंधात कधी ‘बालमजूर’, कधी ‘बालकामगार’, तर कधी ‘बालश्रमिक’ असे लिहितात. यांपैकी योग्य शब्द कोणता, आणि शहापूर-मुरबाडकडून आईवडिलांबरोबर भिवंडीच्या वीटभट्टीवर येणाऱ्या मुलाला त्यांतला कोणता लागू पडतो?

तिन्ही शब्द व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहेत आणि तिन्ही सामासिक असल्यामुळे जोडूनच लिहावेत. ‘बालश्रमिक’ हा हिंदीच्या सरकारी वळणाचा आहे. मराठीत त्याची गरज मला वाटत नाही. प्रथेविषयी लिहायचे असेल तेव्हा ‘बालमजुरी’ हा शब्द सुटसुटीत आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतके सोपे नाही. ‘मजूर’ हा शब्द फारसीतून आला असून त्याच्या मुळाशी असलेल्या ‘मुज्द’चा अर्थ मोबदला असा होतो. तुर्भ्याच्या बाजाराजवळ चहा पोहोचवणाऱ्या पोऱ्याला, कितीही तुटपुंजी असली तरी, स्वतःची मजुरी मिळते, म्हणून त्याला ‘बालमजूर’ म्हणणे अर्थाला धरून आहे. भट्टीवर मात्र मजुरी हजार विटांमागे ठरते आणि ती जोडप्याच्या नावावर मांडली जाते. कच्च्या विटा उलटणारे, माती कालवणारे नऊ-दहा वर्षांचे मूल त्या हिशेबात कोठेच नसते, मात्र त्याच्या हातांनी विटांची संख्या वाढलेली असते. त्याला मजूर म्हणावे तर मजुरी नाही, आणि ‘आईबापांना मदत करते’ म्हणावे तर भट्टी आईबापांची नाही. बालकामगारविषयक कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही व्यवसायात कामावर ठेवण्यास मनाई केली, पण स्वतःच्या कुटुंबाच्या, धोकादायक नसलेल्या उद्योगात शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत मदत करण्यास मुभा ठेवली. मालकाच्या भट्टीला ही मुभा नाही, म्हणून तेथे ‘मदत’ हा शब्द वापरणे मला चुकीचेच नव्हे तर अन्यायाचे वाटते.

ही अडचण केवळ आपल्या जिल्ह्याची नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२० च्या अंदाजानुसार जगात सुमारे १६ कोटी मुले बालमजुरीत होती आणि त्यांतील ७२ टक्के मुले आपल्या कुटुंबातच, बहुतेक शेतीत, राबत होती. २०२४ च्या अंदाजात हा आकडा १३ कोटी ८० लाखांवर आला आहे. कुटुंबाच्या कामात मिसळलेले असे मूल ‘मजूर’ या शब्दात दिसत नाही. त्या मानाने ‘कामगार’ या शब्दाला वेतनाची अट नाही, आणि कायद्याच्या नावातही (‘बालक व किशोरवयीन कामगार’) तोच वापरला आहे. म्हणून सर्वसाधारण लेखनात ‘बालकामगार’ लिहावे, असे मी सुचवेन.

निबंधांत हमखास आढळणारे ‘गरिबीमुळे मुले काम करतात’ हे वाक्यही तपासून पाहावे. त्यात कर्ता एकटे मूल आहे, कारण एकटी गरिबी आहे. पावसाळा संपताना उचल देणारा, तिच्या फेडीपोटी पुढचा हंगाम बांधून घेणारा आणि हजारी दर ठरवणारा माणूस वाक्याबाहेर राहतो. गरिबी खरीच आहे, परंतु हातात रोकड असलेला आणि नसलेला यांच्यातील विषमतेवर हा व्यवहार चालतो. मराठीत ‘करवून घेणे’ हे प्रयोजक रूप उपलब्ध असताना ‘मुलांकडून काम करवून घेतले जाते’ असे लिहावे, आणि शक्य तेथे कोण करवून घेतो तेही लिहावे.

उचल फिटेपर्यंत कुटुंबाला भट्टी सोडता येत नसेल, तर ‘बालकामगार’ हा शब्दही अपुरा पडतो. तेथे जुना ‘वेठबिगार’ हाच शब्द योग्य आहे. संस्कृत ‘विष्टि’पासून आलेली ‘वेठ’ आणि फारसी ‘बिगार’ या दोहोंचा अर्थ सक्तीचे काम असाच आहे. आगाऊ रकमेपोटी स्वतः किंवा अवलंबितांकडून करवून घेतलेले असे काम १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलनाच्या कायद्यातही येते, त्यामुळे अशा मुलाला ‘वेठबिगार मूल’ म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.