रोधक कधी घालायचा?

प्रश्न : हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोग पेशी) डीएनएची प्रत काढणं थांबवणाऱ्या हायड्रॉक्सियुरियात (2 मिलिमोलर) 18 तास अडवल्या, धुतल्या आणि लगेच सीडीसी7 या विकराचा रोधक पीएचए-767491 घातला (10 मायक्रोमोलर). तरी डीएनएची प्रत निघतच राहिली. रोधक खराब निघाला का?
– संशोधक विद्यार्थिनी, परळ

उत्तर : रोधकावर संशय नंतर घ्या, आधी क्रम पाहा. डीएनए उलगडणाऱ्या एमसीएम प्रथिनांना सीडीसी7 फॉस्फेट लावतं, तेव्हा कुठे त्या जागेवरून प्रत निघायला लागते. तिथे डीएनए उलगडून जो काटा (प्रत निघण्याची सरकती जागा) तयार होतो, तो एकदा सुटला की त्याला सीडीसी7ची फारशी गरज उरत नाही. हायड्रॉक्सियुरिया रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज हे विकर बंद पाडून डीएनएच्या कच्च्या मालाचा पुरवठा तोडतो. त्यामुळे पेशी एस टप्प्याच्या (डीएनएची प्रत निघण्याच्या टप्प्याच्या) उंबऱ्याबाहेर थांबत नाही, आत पाऊल टाकून अडकते. तुमचा रोधक पोचला तेव्हा पहिले काटे सुटलेले होते.

म्हणून पेशी विभाजनातच पकडा. विभाजन अर्ध्यात अडवणारं नोकोडॅझोल 100 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, 12 तास. मग प्लेटला टपल्या मारून गोल झालेल्या तेवढ्याच पेशी गोळा करा, दोनदा धुवा, नव्या प्लेटमध्ये सोडा. तीन-चार तासांत त्या चिकटल्या की रोधक घाला. नुसत्या डीएमएसओची (रोधक ज्यात विरघळवतात तो द्रावक) प्लेट तुलनेला सोबत हवीच. दोन्हींत तो 0.1 टक्क्याच्या वर नको. सहाव्या तासापासून दर दोन तासांनी 10 मायक्रोमोलर ईडीयू (नव्या डीएनएत शिरणारी खूण) अर्धा तास देऊन मोजा.

शिवाय वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी) एमसीएम2च्या 53व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लावरचा, सीडीसी7ने लावलेला फॉस्फेट बघा, शेजारी एकूण एमसीएम2. फॉस्फेटचा पट्टा फिका पडलाच नाही, तर बाटलीला दोष द्या. आणि एक खोच : पीएचए-767491 सीडीके9 या दुसऱ्या विकरालाही अडवतो, त्यामुळे आरएनए बनणं मंदावतं. पेशी मेल्या तर नेमक्या कशाने, हे सांगता येत नाही. एक्सएल413 हा सीडीसी7चा दुसरा रोधक किंवा सीडीसी7विरुद्धचा एसआयआरएनए (ते प्रथिन बनणंच रोखणारा छोटा आरएनए) वापरून पडताळल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.

प्रश्न : पावसाळ्यात हायड्रॉक्सियुरियाच्या पुडीचे गोळे होतात. वापरू का?
– एक वाचक, घाटकोपर

उत्तर : नको, नवी मागवा. मुंबईच्या जुलैत थंड बाटली उघडली की आत दव धरतं. ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच झाकण काढा. 76 मिलिग्रॅम पूड पाण्यात विरघळवून 1 मिलिलिटर केली की 1 मोलर. 10 मिलिलिटर मीडियमला त्यातले 20 मायक्रोलिटर, म्हणजे 2 मिलिमोलर. द्रावण त्याच दिवशी करा, कालचं नको. हातमोजे घाला, हे कर्करोगावरचं औषधही आहे.