घरामागचं परडं नव्याने करताय ना?
वहिनी, दसरा झाला म्हणून लगेच वाफे घालू नका. परतीची एक सर आली की लाल माठाचं बी वाहून जातं. माझं दोनदा गेलंय. बी बारीक रेतीत कालवून विस्कटा, नाहीतर एकाच जागी झुबका उगवतो. जांभ्याची माती पाणी धरत नाही, म्हणून रोपं वर आली की मधे सुक्या पानांचा पातेरा पसरा. महिन्याभरात भाजी ताटात.

आता मुलांचं. त्यांना रंग द्या आणि बाजूला व्हा. आमची धाकटी करवंटीवर गेरूने खेकडे काढते, दहाऐवजी बारा पायांचे. असू देत! सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, दाखवा, वर्तुळात चित्र कसं बसवतात ते कळेल. दिवाळी अंक मात्र ओटीवर, मोठ्याने वाचायचा. संध्याकाळी डास फोडून काढतात, धुरी आधी घाला.